अंजिरी जोड

पनवेलच्या बाजारात तयार पोलकी नवीनच आली होती. वामनशेटच्या कापडदुकानाबाहेर ती तारेवर ओळीनं टांगलेली असायची, दोन्ही बाह्या पसरून, पोलिसानं हात वर करायला लावल्यासारखी. साल सासष्ट असेल नाहीतर सदुसष्ट, त्यानं काही बिघडत नाही. जासईची गोजरा बाजाराला आली होती. तिनं त्यातलं एक जांभळं पोलकं खाली काढलं, बाहीत हात घातला, आणि बाही कोपराच्या वर येऊन अडली. बाही अडली, पण गोजरा थांबली नाही. टर्रर्र आवाज झाला.

दुकानात नवीन ठेवलेला माणूस धावत बाहेर आला. ‘‘अहो बाई, फाडलंत की! आपलं माप बघून हात घालायचा का नाही?’’

‘‘माजा हात जुना हाय, तुजं पोलकं नवं,’’ गोजरा म्हणाली. ‘‘माप कोनी बगायचं होतं?’’

‘‘आता हे फाटकं कोण घेणार?’’

‘‘फाटलं ते पोलकं. मी नाय फाटले. त्याला टाका घाल, मना कनाला बोलतंस?’’

आत गादीवर वामनशेट बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बाहेर पाहिलं आणि हाक मारली, ‘‘अरे, त्यांना आत घे. चहा सांग. आणि मागे न कापलेली जोड ठेवली असेल ती काढ. त्यांच्याशी वाद घालू नकोस बाबा, मी एकदा घालून बसलोय.’’

शेटनं तो वाद घातला होता त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. गोजराच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता तेव्हाची गोष्ट. पण आधी गोजरा कोण ते सांगायला हवं.

गोजरा जाडी होती. अंगानं भरलेली, सुदृढ, खात्यापित्या घरची असे पुष्कळ गुळगुळीत शब्द आहेत, पण तिचं काम या एका शब्दात भागायचं आणि तिलाही तोच चालायचा. लग्न होऊन जासईत आली तेव्हाही ती जाडी होती, पुढे मुलं झाली, एक उपासमारीचं वर्ष गेलं, तरी जाडीच राहिली. काही माणसांची हाडंच तशी असतात. नवरा गोटीराम मिठागरात कामाला. गोजराही तिथंच मिठाच्या पाट्या उचलायची, आणि दोन सडसडीत बाया मिळून जी पाटी उचलत ती एकटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालत जायची. त्या वेळी तिच्या अंगाला कुणी नावं ठेवत नव्हतं. खाडीतून पनवेल बंदराला जायचं असलं की होडीवाला बाळाराम आधी तिला हाक मारायचा, ‘‘गोजरावैनी, तुमी बसा मधोमध. तुमी बसलात की होरी सरल चालते.’’ गोजरा मधोमध बसायची आणि त्यात तिला अभिमानच वाटायचा.

अंगाची अडचण एकाच ठिकाणी व्हायची, कापडाशी.

नऊवारी लुगडं नऊ वारांचं. बारीक बाई नेसली की पुढे निऱ्या, मागे कासोटा, वर खांद्यावरून पदर आणि तरीही खोचायला कापड उरतं. गोजराच्या अंगावर तेच नऊ वार निम्म्या वाटेत संपायचे. निऱ्या घ्याव्यात तर पदर खांद्यावर पोचत नसे, पदर घ्यावा तर निऱ्या होत नसत. चोळीच्या खणाचं तेच. ओटीत मिळणारा खण एका चोळीपुरता असतो. पण कुणाच्या चोळीपुरता? गोजरा ओटीत आलेले दोन खण जोडून एक चोळी शिवायची, म्हणून तिची एक बाही हिरवी असायची आणि एक लाल. गावातल्या बायांनी तिला नाव ठेवलं होतं, दीडखणी. तोंडावर नाही म्हणायच्या. म्हणजे तोंडावरही म्हणायच्या, पण हसून.

हे सगळं तिनं चालवून घेतलं असतं. एक गोष्ट मात्र तिच्या घशात काट्यासारखी अडकून होती.

त्या गावांची रीत अशी की हळदीच्या दिवशी घरच्या सगळ्या बाया एका रंगाची, एका काठाची लुगडी नेसतात आणि रांगेनं गावदेवीला जाऊन येतात. रांगेच्या पुढे हळदीचं ताट. ताट घेण्याचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. गोजराची नणंद पुतळा, तिच्या लग्नात गोजरा थोरली सून, तेव्हा ताट तिच्या हातात यायचं. पण सगळ्यांसाठी एकाच रंगाची जी लुगडी आणली होती त्यातलं एकही तिला पुरेना. तिला वेगळं दिलं, हातमागाचं, लांब, काळपट, म्हाताऱ्या बायका नेसतात तसं. सासूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘‘रांग मोडते गो. तू चुलीकडे बघ.’’ ताट एका चुलतजावेनं घेतलं. गोजरा चुलीपाशी उभी राहून वालांची भाजी ढवळत राहिली. वाजंत्री गावदेवीपर्यंत गेली आणि परत आली, तोवर भाजी करपली होती. ती तिनं मुद्दाम करपवली होती. बायांनी निमूट खाल्ली.

आता तिच्या चंदाचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगदेव खाडीपलीकडचा, नेरूळचा, ठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. गोजराची सासू आता वारली होती. चंदाच्या हळदीचं ताट आईनं घ्यायचं, दुसरं कुणी नाही. पण रीत तीच होती. आई रांगेच्या रंगात नसली तर ताट आत्याकडे, म्हणजे पुतळाकडे जाणार. पुतळानं तसं बोलूनही दाखवलं होतं. ‘‘वैनी, तुमी काय काळजी करू नका. तुमाला लुगडं पुरलं नाय तर मी हायच.’’

‘‘तू हायस ते मना माहीत हाय,’’ गोजरा म्हणाली.

बस्ता पनवेलला वामनशेटकडे बांधायचं ठरलं. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात, एका बैठकीत घ्यायचं. मुलीकडच्या बायांची हळदीची लुगडी मुलाकडच्यांनी घ्यायची, तेव्हा पसंती विहीणबाईंची. सगळं झालं की नव्या धोतरात गाठोडं बांधायचं, गाठीला हळदकुंकू लावायचं. एकदा गाठ बसली की ती मांडवातच सुटायची. मध्ये सोडली तर लग्नाला अपशकुन. म्हणजे त्या गाठोड्यात जे गेलं ते गेलं. गोजराला हे पक्कं माहीत होतं.

वामनशेटचं दुकान खोल, आत पांढरी गादी, तक्के, भिंतीला छतापर्यंत फडताळं. शेट स्वतः गोरे, मिशीवाले, डोक्यावर काळी टोपी. लुगडं दाखवायचं तर ते स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून, कमरेवर हात ठेवून दाखवायचे. हे मोठं मजेदार दिसायचं, पण बायका हसायच्या नाहीत, लुगड्याकडे बघायच्या. गादीच्या एका अंगाला नेरूळची माणसं बसली, दुसऱ्या अंगाला जासईची. चांगदेवची आई सगुणाबाई मधे. सगुणाबाई म्हणजे चिमटीत धरावी इतकी बारीक. लुगड्यात ती कुठे आहे ते शोधावं लागे.

‘‘हे बघा, अंजिरी,’’ शेट म्हणाले आणि त्यांनी एक लुगडं अंगावर घेतलं. दाट अंजिरी अंग, बारीक काठ, आणि पदर हळदीसारखा पिवळाजर्द, हातभर रुंद. ‘‘गिरणीतून नवीन आलंय. पनवेलात अजून कुणाच्या अंगावर नाही.’’

सगुणाबाईंनी बोटांत चुरून पाहिलं. ‘‘बरं हाय. हळदीला सगल्यांना हेच घ्या.’’

पुतळानं लगेच खांद्यावर टाकलं. चुलतजावांनी टाकलं. सगळ्यांना पुरलं. गोजरानं हात पुढे केला तसे वामनशेट हसले, वाईट नव्हे, दुकानदार हसतात तसे.

‘‘बाई, तुम्हाला ह्यातलं नाही व्हायचं. तुमच्यासाठी खालच्या फडताळात आहे.’’ त्यांनी वाकून एक गठ्ठा काढला. हातमागाची, लांब, जाड सुताची लुगडी, सगळी काळी, करडी नाहीतर चिखलाच्या रंगाची. ‘‘हे घ्या, अंगभर येतं. आणि गडद रंग बरा दिसतो मोठ्या अंगाला. अंग कमी दिसतं.’’

‘‘अंग कमी दिसून कोनाचं भलं होतं?’’ गोजरानं विचारलं.

‘‘तसं नव्हे...’’

‘‘मिठाची पाटी उचलताना कोन बोलत नाय अंग कमी दिसू दे. होरीत मधी बसवताना कोन बोलत नाय. तुमच्या दुकानात आले की माजं अंग कमी दिसायला पायजे?’’

गोटीराम कानापर्यंत लाल झाला. तो चांगला माणूस होता, पण चारचौघांत त्याचा जीव अर्धा व्हायचा. ‘‘गोजरे, घे गो. लोक बगतात.’’

‘‘बगू देत. लोकांना डोले दिलेत ते कनाला?’’

‘‘विहीनबाय,’’ सगुणाबाई म्हणाल्या, ‘‘हट कनाला करता? एका बायनं वेगलं नेसलं म्हनून काय लगीन मोडतं?’’

‘‘लगीन नाय मोडत. रांग मोडते.’’ गोजरानं पुतळाकडे पाहिलं नाही, पण पुतळानं मान खाली घातली. ‘‘माज्या नंदेच्या लग्नाला मी चुलीकडं होते. माज्या पोरीच्या लग्नाला मी चुलीकडं जानार नाय. अंजिरीच पायजे मना. ह्याच काठाचं, ह्याच पदराचं.’’

‘‘पुरत नाही त्याला मी काय करू?’’ शेटचा आवाज आता जरा चढला. ‘‘एक करा. दोन घ्या आणि शिंप्याकडून जोडून घ्या.’’

सगळ्या बाया एकदम ओरडल्या. हळदीच्या लुगड्याला मध्ये टाका चालत नाही, ते अखंड असावं लागतं, हे लहान पोरीलाही माहीत. शेट वाणी, त्यांना कसं माहीत असणार?

‘‘मग तुम्ही काळं घ्या आणि गाठोडं बांधू,’’ ते म्हणाले. ‘‘बाहेर गिऱ्हाइकं थांबलीत.’’

तेव्हा गोजरानं चपला बाहेर असल्याची खात्री केली, पाय वर घेतले, आणि ती गादीच्या ऐन मध्यावर, जिथं गाठोड्याचं धोतर पसरलं होतं, त्या धोतरावर मांडी घालून बसली. गादी खाली गेली. तक्के तिच्याकडे कलंडले.

‘‘बांधा,’’ ती म्हणाली. ‘‘मना घेऊन बांधा.’’

मग नेरूळकडच्या एका म्हाताऱ्याला हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात घातलं. बाहेर थांबलेल्या बायका आत डोकावायला लागल्या. शेटनी चहा मागवला. गोजरानं चहा प्याला आणि कप पुढे ठेवला, पण ती हलली नाही. शेटनी अंजिरीचा पन्हा दाखवला, वार मोजून दाखवले, गिरणीचं माप दाखवलं.

‘‘हे गिरणीचं माप, बाई. माझं नाही. गिरणी नऊ वार विणते.’’

‘‘गिरनीला अंग हाय का?’’

शेटनी हातातला गज गादीवर ठेवला.

‘‘विहीनबायकडं बघा,’’ गोजरा म्हणाली. ‘‘विहीनबाय, राग मानू नका. तुमाला नऊ वार किती होतात?’’

सगुणाबाईंच्या पोटापाशी लुगड्याचा हा मोठा बोंगा होता. त्यांचा हात आपोआप तिथं गेला. जन्मभर त्या तो बोंगा आत खोचत आल्या होत्या. ‘‘काय सांगू,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘दर पावलाला आवलावा लागतो. बांबूला गोधडी गुंडाललेली.’’

‘‘बघा. त्यांच्या अंगावर उरतं, माज्या अंगावर पुरत नाय. मग शेट, गिरनीनं माप घेतलं कोनाचं?’’

सगुणाबाई हसल्या. त्या हसल्या तशी नेरूळची सगळी माणसं मोकळेपणानं हसली आणि दुकानातला ताण जरा सैल झाला. पण लुगडं अजून नव्हतंच. आणि गोजरा अजून धोतरावरच होती.

मधल्या वेळात शेटनी उरलेल्या बायांसाठी अंजिरी लुगडी काढायला घेतली. बाहेर कापून ठेवलेली संपली होती, म्हणून त्यांनी वरच्या फडताळातून नवा गठ्ठा उतरवला. त्या काळी गिरणीतून लुगडी जोडीनं यायची. दोन लुगडी एकामागे एक, एकाच लांब कापडात विणलेली. पहिल्याचा पदर संपला की एक पांढरी रेघ, आणि रेघेपलीकडे दुसरं लुगडं सुरू. दुकानदार सकाळी दुकान उघडलं की त्या रेघांवर कात्री चालवून ठेवायचे, म्हणून गिऱ्हाइकाला जोड कधी दिसतच नसे. त्या दिवशी ती गोजराच्या डोळ्यांसमोर उलगडली. अंजिरी अंग, मग पिवळा पदर, मग पांढरी रेघ, मग पुन्हा अंजिरी अंग, आणि शेवटी पुन्हा पिवळा पदर. शेटनी कात्री उचलली.

‘‘थांबा.’’ गोजरानं पांढऱ्या रेघेवर पंजा ठेवला. ‘‘हे एकच हाय?’’

‘‘एक कुठलं? दोन आहेत. जोड आहे. आता कापतो.’’

‘‘तुमी कापल्यावर दोन होतात. आता एक हाय.’’

शेटनी कात्री खाली ठेवली.

‘‘बारा वारांवर कापा,’’ गोजरा म्हणाली. ‘‘मधी टाका नाय, काय नाय. अखंड. बारा वार मना.’’

‘‘अहो, पण पदर!’’ शेटनी कपाळावर हात मारला. ‘‘पदर नऊ वारांवर आहे. तुम्ही बारा वार नेसलात की तो पिवळा पट्टा येणार कुठं? बरोबर पोटावर! शेजारी ही पांढरी रेघ. खांद्यावर साधं अंजिरी आणि पोटावर पदर! सगळ्या मांडवाची नजर तुमच्या पोटावर जाईल.’’

‘‘नजर नायतरी तिथंच असते,’’ गोजरा म्हणाली. ‘‘निदान बगायला काय तरी मिलेल.’’

‘‘आणि उरलेल्या सहा वारांचं मी काय करू? सहा वारात कुणाचं नऊवारी होतं?’’

इतका वेळ चंदा कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती, नवरीनं बसावं तशी. ती म्हणाली, ‘‘मना द्या. मी गोल नेसीन.’’

इथं सांगायला हवं की गोल पातळावरून माय-लेकीत वर्षभर भांडण चाललं होतं. शाळेतली बाई सहावारी गोल नेसायची, ते बघून चंदानं हट्ट धरला होता. गोजरा म्हणायची, गोल नेसून मिठागराच्या बांधावरून उडी कशी मारशील? चिखलात पाय कसा टाकशील? आपल्यात तसलं कोन नेसतं? चंदा म्हणायची, मना मिठागरात जायचंच नाय. गोजरा म्हणायची, मग लगीन झाल्यावर नवऱ्याला विचार, माज्या घरात नाय. त्यावर चंदा रडायची आणि गोजरा चूल फुंकायची.

सगुणाबाईंनी मान हलवली. ‘‘आमच्या घरात अजून कोन गोल नेसत नाय.’’

सगळे गोजराकडे बघायला लागले. गोजरानं मुलीकडे पाहिलं. चंदा बारीक नव्हती आणि जाडीही नव्हती. चंदा चंदासारखी होती. तिला खरोखरच मिठागरात जायचं नव्हतं, ती नेरूळच्या घरात राहणार होती आणि नवरा ठाण्याला जाणार होता. आणि गोजरा वर्षभर तिला आपलंच लुगडं नेसवायला बघत होती.

‘‘वरीसभर मीच नाय म्हनत होते,’’ गोजरा म्हणाली. ‘‘आता हो म्हनते. गिरनीला बोलायचं नि पोरीला तेच करायचं, ह्यो काय न्याय? विहीनबाय, माजी पोरगी गोल नेसनार. तुमाला चालत नसंल तर आताच सांगा, गाठ अजून बसली नाय.’’

गोटीरामनं डोळे मिटून घेतले. लग्न मोडलंच असं त्याला वाटलं.

सगुणाबाईंनी आपल्या पोटावरचा बोंगा पुन्हा एकदा आत खोचला. तो पुन्हा बाहेर आला.

‘‘सा वारांत येतं ना सगलं?’’ त्यांनी शेटना विचारलं. ‘‘उरत नाय?’’

‘‘नाही उरत.’’

‘‘मग नेसू दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीबी बगीन कसं दिसतं.’’

शेटनी गज घेऊन बारा वार मोजले. मग पुन्हा मोजले, कारण एवढ्या वर्षांत त्यांनी पांढरी रेघ सोडून कात्री कधी चालवली नव्हती. कात्री चालली. बारा वारांचं अंजिरी गोजराच्या मांडीवर पडलं, सहा वारांचं, शेवटी पिवळा पदर असलेलं, चंदाच्या. मग गोजरा धोतरावरून उठली. उठायला दोघींचा हात लागला. गाठोडं बांधलं, गाठीला हळदकुंकू लावलं. गाठ सुटणार नव्हती, आणि आता ती सुटायचं कारणही नव्हतं.

परतताना होडीत पुतळा तिच्या शेजारी बसली. ‘‘वैनी, खरंच तो पट्टा पोटावर घेनार?’’

‘‘घेनार.’’

‘‘लोक दीडखनी म्हनत होते, आता काय म्हनतील?’’

‘‘म्हनतील ते म्हनतील. तोंड त्यांचं.’’

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर बाया नेसायला बसल्या. बारा वार नेसायला गोजराला वेळ लागला, पण निऱ्या भरगच्च आल्या, कासोटा मागे घट्ट बसला, पदर खांद्यावरून जाऊन पाठीवर गुडघ्यापर्यंत लोंबला. जन्मात पहिल्यांदा तिला खोचायला कापड उरलं. आणि पिवळा पट्टा आला बरोबर शेटनी सांगितला तिथंच. बेंबीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, हळदीसारखा पिवळा, त्याच्या बाजूला पांढरी रेघ.

गोटीराम आत आला, बघितलं आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं तो एक फडकी, बाया खांद्यावरून घेतात ते कापड, घेऊन परत आला. ‘‘ही पुढून अडकव गो. पट्टा झाकंल.’’

गोजरानं फडकी घेतली, तिची घडी केली आणि चुलीवरचं तापलेलं पातेलं तिनं धरून खाली उतरवलं. ‘‘बरी आनलीत. हात भाजत होता.’’

अंगणात बाया रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्या अंजिरी. पुतळा ताटापाशी उभी होती, सवयीनं म्हणा किंवा आशेनं. शेजारची गंगू, जिनं दीडखणी हे नाव पहिल्यांदा काढलं होतं, ती मोठ्यानं म्हणाली, ‘‘अगो, हिचा पदर बगा कुटं आलाय! ही रांगेतली कशी?’’

बाया हसल्या. वाजंत्रीवाल्यांनीही मान वळवली. पुतळाचा हात ताटाकडे गेला.

‘‘रंग तोच हाय का?’’ गोजरानं विचारलं.

‘‘हाय,’’ पुतळा म्हणाली.

‘‘काठ तोच हाय?’’

‘‘हाय.’’

‘‘पदर तोच हाय?’’

‘‘हाय, पन वैनी...’’

‘‘मग कुटं आलाय ते माजं मी बगीन. गंगू, तुला बगायचा असंल तर जवल ये. लांबून निम्माच दिसतो.’’

गंगू जवळ आली नाही. पुतळानं ताट उचललं, क्षणभर धरून ठेवलं, आणि वहिनीच्या हातात दिलं. मग ती स्वतः गोजराच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि गंगूकडे वळून म्हणाली, ‘‘हसायचं झालं असंल तर वाट सोड.’’

वाजंत्री सुरू झाली. ताट पितळेचं, जड, त्यात हळद, तांदूळ, नारळ. असलं ताट बाया पोटाशी टेकवून चालतात, त्यानं हाताला आधार मिळतो. गोजरानं ते पोटाशी टेकवलं नाही. टेकवलं असतं तर पट्टा झाकला गेला असता. तिनं ते छातीच्या वर, खांद्याच्या उंचीला धरलं आणि चालायला लागली. मागून अंजिरी रांग निघाली. दाराशी चंदा उभी होती. ती आईकडे बघून आधी हसली आणि मग तिनं डोळे पुसले. गोजरानं तिच्याकडे पाहिलं नाही, पुढं बघितलं. जासईची गावदेवी घरापासून लांब आहे. अर्ध्या वाटेत दंड भरून आले, हळदीचे कण घामात मिसळून कोपरापर्यंत ओघळले. ‘‘वैनी, टेकवा,’’ पुतळा मागून म्हणाली. ‘‘कोन बगत नाय.’’

‘‘बगतात,’’ गोजरा म्हणाली, आणि ताट आणखी थोडं वर घेतलं.